ल कॅरेच्याच आवाजातलं ‘द पिजन टनेल’: क्लेम खात्यातल्या बाईचा अभिप्राय

घ्यायचं तर छापील पुस्तक घेऊ नका, ऑडिओबुक घ्या. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

जॉन ल कॅरे या हेरकथा लिहिणाऱ्या इंग्रज लेखकाचं ‘द पिजन टनेल’ हे आठवणींचं पुस्तक २०१६ साली आलं. ते ऑडिओसाठी त्याने स्वतःच वाचलं आहे. तेव्हा त्याचं वय ८४. ऐकायला अकरा तासांहून जास्त लागतात. अडतीस प्रकरणं, बरीचशी छोटी, एकमेकांना न जोडलेली. सलग आत्मचरित्र हवं असेल तर हे ते नाही. कधी बैरुत, कधी मॉस्को, मधेच पनामा, असं पुस्तक उड्या मारत जातं.

मी सांगलीत एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात होते, आता निवृत्त आहे. हळदीच्या गोडाऊनची आग, उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलेली मोटरसायकल, अपघाताच्या जरासं आधी काढलेली पॉलिसी, असल्या फायलींत आयुष्य गेलं. सर्व्हेअरचा रिपोर्ट, पोलिसांचा पंचनामा आणि समोरच्याचा जबाब, यांचा मेळ बसतो का ते बघायचं. कागद कुणीही वाचेल. पण जबाब घेताना कान तयार होतो तो वेगळाच. पाठ झालेली हकिगत आणि आठवत आठवत सांगितलेली हकिगत यांचा आवाज एक नसतो. पहिलीत माणूस अडखळत नाही, तारखा फटाफट येतात, हशा कुठे येणार हेही त्याला ठाऊक असतं. हे ऑडिओबुक मी त्या कानाने ऐकलं.

ज्यांना हा लेखक माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल, जन्म १९३१, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल या गावी. बोर्डिंगच्या शाळेचा तिटकारा येऊन सोळाव्या वर्षी ती सोडली आणि स्वित्झर्लंडला बर्नमध्ये जर्मन शिकायला गेला. तिथेच ब्रिटिश गुप्तहेर खात्याने त्याला किरकोळ कामांना लावलं. सक्तीच्या लष्करी सेवेत ऑस्ट्रियात होता, पूर्वेकडून सीमा ओलांडून आलेल्यांची चौकशी करायला. ऑक्सफर्डला शिकताना डाव्या विद्यार्थ्यांत मिसळून त्यांच्या खबरा पुरवल्या. मग ईटन या बड्या शाळेतल्या श्रीमंत पोरांना जर्मन-फ्रेंच शिकवलं, १९५८ साली एमआय फाइव्ह (देशातलं हेरखातं), १९६० साली एमआय सिक्स (परदेशातलं). पश्चिम जर्मनीत, बॉनच्या ब्रिटिश वकिलातीत सेकंड सेक्रेटरी ही लोकांना दाखवायची पाटी. बर्लिनची भिंत १९६१च्या ऑगस्टमध्ये उभी राहायला लागली तेव्हा बॉनहून जाऊन ती बघून आला, आणि त्यातून ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ आलं, १९६३ साली. ते जगभर इतकं खपलं की पुढच्याच वर्षी नोकरी सोडली. परराष्ट्र खात्यातल्या माणसाला स्वतःच्या नावाने कादंबऱ्या छापायची मुभा नसल्यामुळे टोपणनाव आधीच घेतलेलं होतं, तेच आयुष्यभर राहिलं. २०२०च्या डिसेंबरमध्ये तो गेला.

बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचत मोठ्या झालेल्या आमच्यासारख्यांना त्याच्या कादंबऱ्यांतला हेर जॉर्ज स्मायली पहिल्यांदा भेटतो तेव्हा फसवल्यासारखंच वाटतं. बुटका, जाडा, अंगावर न बसणारे महागडे कपडे, बायको दुसऱ्यांबरोबर जाणारी. मारामारी जवळजवळ नाही. फायली वाचतो, माणसांना शांतपणे प्रश्न विचारतो आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसतो. ‘टिंकर टेलर’ या कादंबरीत (१९७४) त्याचा रशियन प्रतिस्पर्धी कार्ला त्याला एकदाच समोरासमोर भेटलेला असतो, तोही दिल्लीच्या तुरुंगात. उकाडा, सिगारेटी, एकटाच बोलत सुटलेला स्मायली आणि तोंडातून अवाक्षर न काढणारा कार्ला. आमच्या खात्यात नव्या मुलांना जबाब घ्यायला शिकवायचं तर तेवढं प्रकरण पुरलं असतं. प्रश्न विचारणाराच कसा उघडा पडत जातो, ते त्यात आहे.

आता आवाजाकडे येते, कारण पैसे त्याचे आहेत. हा माणूस अव्वल नकलाकार आहे. लेखक स्वतःचं पुस्तक वाचतात तेव्हा बहुतेक वेळा बातम्या वाचल्यासारखं वाचतात. हा प्रत्येक माणूस उभा करतो. मार्गारेट थॅचरबाईंनी डच पंतप्रधानांसाठी दिलेल्या जेवणाला याला बोलावलेलं असतं. हा पॅलेस्टिनी निर्वासितांबद्दल बोलायला जातो आणि बाई त्याला असली रडगाणी मला ऐकवू नका म्हणून झाडतात. ते चालू असताना आमचे हे स्वयंपाकघरात डोकावून म्हणाले, “ही बाई कोण ओरडतेय?” म्हटलं, “अहो, बाई नाही, म्हातारा लेखकच आहे.” त्यानंतर ते स्टूल ओढून बसले आणि ते प्रकरण संपेपर्यंत उठले नाहीत.

अ‍ॅलेक गिनेसचं प्रकरणही तसंच. बीबीसीच्या १९७९च्या मालिकेत स्मायली करायच्या आधी या इंग्रज नटाला खराखुरा हेर बघायचा होता, म्हणून ल कॅरेने एमआय सिक्सचे निवृत्त प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्याबरोबर जेवण घडवून आणलं. ओल्डफील्ड बोलत राहतात आणि गिनेस त्यांच्या कफलिंका, त्यांचे बूट, छत्री धरायची पद्धत, ग्लासच्या कडेवरून फिरणारं बोट, सगळं टिपत राहतो. मग त्यांचं चालणं बघायला बाहेर फुटपाथवर जातो. हेरावरच पाळत ठेवणारा नट, आणि त्या दोघांवर पाळत ठेवून असलेला लेखक. कागदावर हे प्रकरण गमतीचं आहे. कानावर पडतं तेव्हा तिघांचे तीन आवाज लागतात.

पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांना भेटायला बैरुतला जातो तेव्हा ते विचारतात, कशाला आलात? हा सांगतो की पॅलेस्टाइनच्या हृदयावर हात ठेवायला आलोय. ते त्याचा हात धरून स्वतःच्या छातीवर दाबतात. आणि याच्या लक्षात राहतं ते दाढीचं: टोचत नाही, मऊ आहे, बेबी पावडरचा वास येतो. हिटलरचा उजवा हात रुडॉल्फ हेस याच्या पँटचा किस्सा तर खातं कोणतंही असो, सरकारी नोकरी केलेल्या प्रत्येकाने ऐकावा. एमआय सिक्सचं मुख्यालय जुन्या इमारतीतून हलवताना प्रमुखांच्या खोलीतली, वर्षानुवर्षं कुणी न उघडलेली तिजोरी फोडावी लागते. आत काही नाही. मागे भिंतीशी धूळ खात पडलेली एक करड्या रंगाची पँट, तिला चिठ्ठी टाचलेली: १९४१ साली विमानाने स्कॉटलंडला उतरलेल्या हेसच्या अंगावरची ही पँट, जर्मन कापडधंद्याची अवस्था कळण्यासाठी तपासून अहवाल द्यावा. अहवाल कुणी दिला नव्हता हे ओघाने आलंच.

या सगळ्या हकिगती अप्रतिम सांगितल्या आहेत, आणि माझ्या कानाला त्या सगळ्या पाठ झालेल्या वाटल्या. वाईट अर्थाने नाही. हा माणूस अर्धशतक जेवणाच्या टेबलांवर हे सांगत आला असणार. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं घासूनपुसून ठेवलेलं. तोही ते लपवत नाही. प्रस्तावनेतच सांगतो की या खऱ्या गोष्टी आहेत, पण आठवणीतून सांगितलेल्या, आणि धंदा कल्पनेचा असलेल्या माणसाच्या आठवणीला किती भाव द्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. त्याच्या टोपणनावाचंच घ्या. सुरुवातीची कित्येक वर्षं तो मुलाखतींत सांगायचा की बसमधून जाताना एका दुकानावर ‘ल कॅरे’ ही पाटी दिसली. असं दुकान नव्हतं. नाव कुठून आलं ते आठवत नाही, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केलं. लोकांना काहीतरी हवं असतं म्हणून दुकान उघडून दिलं.

जागेवर जाऊन बघण्याबद्दलचा किस्सा मला व्यवसायामुळे विशेष जवळचा. ‘टिंकर टेलर’ छपाईच्या वाटेवर असताना तो हाँगकाँगला पोचतो आणि बघतो तर बेटावरून कौलूनला जायला समुद्राखालून बोगदा झालेला. याच्या पात्राने मात्र जुन्या गाइडबुकाच्या भरवशावर फेरीबोट पकडलेली. मग आपल्या एजंटला घाईघाईने फोन, दुरुस्ती, आणि त्यानंतर शपथ: जिथे पाय ठेवला नाही तिथला प्रसंग लिहायचा नाही. पुढच्या कादंबऱ्यांसाठी तो कंबोडिया, लेबनॉन, काँगो असं वणवण फिरला. नोम पेन्हमध्ये भेटलेली इव्हेट पिएरपाओली ही मदतकार्य करणारी बाई ‘द कॉन्स्टंट गार्डनर’च्या टेसाचं मूळ आहे. ती १९९९ साली अल्बानियात गाडीच्या अपघातात गेली. टेबलावर बसून, फोटो बघून ‘संपूर्ण नुकसान’ असा शेरा मारणारे सर्व्हेअर मी बघितलेत, त्यामुळे या बाबतीत त्याला माझा सलाम.

किम फिल्बीचं प्रकरण मी दोनदा ऐकलं. फिल्बी हा एमआय सिक्समधला मोठा अधिकारी, आतून सोव्हिएत हेर. १९६३च्या जानेवारीत त्याचा जिवलग दोस्त निकोलस एलियट बैरुतला जाऊन त्याला समोर बसवतो आणि थोड्याच दिवसांत फिल्बी मॉस्कोला पसार. ल कॅरेने एलियटशी झालेली बोलणी टिपून ठेवली होती, ती इथे जवळजवळ तशीच तुकड्यातुकड्यांत दिली आहेत. दोन खानदानी इंग्रज, चहा, जुन्या ओळखी, एक जण दुसऱ्याच्या विश्वासघातावर बोट ठेवतोय आणि दोघांचाही सूर क्लबातला. तिकडे जबाब घेणाऱ्यालाच जबाबाची भीती वाटत होती, असं माझं मत झालं. ल कॅरेला स्वतःला १९८७ साली मॉस्कोत फिल्बीला भेटायची संधी आली होती, त्याने साफ नाकारली. त्या प्रकरणात त्याच्या आवाजात राग आहे, आणि तो पाठ केलेला नाही.

आता ज्याच्यासाठी हे पुस्तक आहे त्या प्रकरणाकडे. ते शेवटाकडे येतं, सगळ्यांत मोठं आहे, आणि ते वडिलांवर आहे. रॉनी कॉर्नवेल हा पट्टीचा ठकसेन. विम्याच्या फसवणुकीत तुरुंगात जाऊन आलेला, म्हणजे आमच्याच खात्याचा गिऱ्हाईक. घोडे, मोटारी, बडी हॉटेलं, उधारी, न्यायालयं, दिवाळखोरी. १९५० साली लिबरल पक्षातर्फे निवडणुकीलाही उभा राहिला. मुलगा प्रसिद्ध झाल्यावर ‘लेखकाच्या वडिलांकडून’ अशी सही करून मुलाचीच पुस्तकं वाटायचा. तुरुंगातून मुलाला फोन करायचा, तोही फोनचं बिल मुलाच्या नावावर टाकून. मुलगा प्रस्तावनेत म्हणतो की रॉनीला मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलंय, नाहीतर तो कोपरं मारत पुढे आला असता.

आई, ऑलिव्ह, मुलगा पाच वर्षांचा असताना रात्रीतून निघून गेली. नवऱ्याला आणि दोन मुलांना मागे ठेवून. एकविसाव्या वर्षी याने तिला शोधून काढलं, इप्सविचच्या रेल्वे फलाटावर भेट झाली. तिने घर सोडताना नेलेली पांढरी कातडी बॅग, आतून रेशमी अस्तराची, तिच्या मरणानंतर याच्या हाती लागली. बॅगेचं वर्णन तो ज्या बारकाईने करतो तसं आईच्या चेहऱ्याचंही करत नाही.

आणि मग तुरुंगाच्या खिडकीची आठवण. लहानपणी आईचा हात धरून एक्झेटरच्या तुरुंगाबाहेर उभा आहे, वर खिडकीत वडील आहेत, हा हात हलवतो. मोठेपणी हे सांगितलं तर रॉनी म्हणाला, साफ खोटं. एक्झेटरला मी होतो, पण तिथल्या कोठडीतून रस्ता दिसतच नाही, आत राहिलेल्या कुणालाही विचार. यावर मुलगा म्हणतो की त्याचंच बरोबर, तो त्या खिडकीत नव्हता, मी हात हलवला नव्हता. आणि तरीही ती आठवण त्याच्याजवळ आहे, ती काही जात नाही. हे ऐकताना मी गॅस बंद केला. इथे तो नकला करत नाही. वाक्यं तुटक होतात, पुढचं वाक्य येण्याआधी जागा राहते. अख्ख्या पुस्तकात पहिल्यांदाच मला समोर कुणीतरी आठवत आठवत बोलतोय असं वाटलं. छापील पानावर ही जागा तीन-चार साध्या वाक्यांची आहे, वाचणारा सहज पुढे निघून जाईल. म्हणूनच ऑडिओबुक घ्या म्हणते.

याच प्रकरणात आणखी एक भारी गोष्ट आहे. आत्मचरित्र लिहायचं म्हणून त्याने दोन खासगी गुप्तहेर नेमले, एक जाडा, एक बारीक. बेत असा: डाव्या पानावर माझी आठवण, उजव्या पानावर त्यांनी शोधलेले कागद, वाचकाने दोन्ही शेजारी ठेवून बघावं. दोघांनी पैसे घेतले आणि काही शोधलं नाही. हेरखात्यातून आलेल्या, हेरकथांवर जगलेल्या माणसाला दोन गुप्तहेरांनी गंडवलं! उजवी पानं कोरीच राहिली, आणि माझ्या मते त्याला आतून ते बरंच वाटलं असावं. रॉनी वारला १९७५ साली. मुलाने अंत्यविधीचे पैसे भरले, स्वतः गेला नाही. या बापाचा पूर्ण हिशेब त्याने ‘अ परफेक्ट स्पाय’ या १९८६च्या कादंबरीत केला आहे. घरातच इतकी वर्षं खोटं बोलणं, पाळत आणि दोन चेहरे शिकलेल्या मुलाला एमआय फाइव्हने नवीन काय शिकवलं असेल, कोण जाणे.

शीर्षकातला बोगदा माँटे कार्लोचा आहे. बापाने जुगाराच्या फेरीवर सोबत नेलेलं असताना याने तिथे नेमबाजीचा क्लब पाहिला. कॅसिनोच्या छपरावर जन्मलेली कबुतरं पकडून हिरवळीखालच्या अंधाऱ्या बोगद्यांत सोडायची, ती फडफडत समुद्रावरच्या उजेडात बाहेर येणार, तिथे भरपेट जेवलेले साहेबलोक बंदुका रोखून. वाचलेली कबुतरं पुन्हा त्याच छपरावर जाऊन बसायची, जिथे सापळे तयार. आपल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकाचं कामचलाऊ नाव कधी ना कधी हेच होतं, असं तो सांगतो. स्पष्टीकरण देत नाही. बरं करतो.

तक्रारी आहेत. अ‍ॅडम सिस्मनने लिहिलेलं त्याचं जाडजूड चरित्र २०१५ साली आलं आणि वर्षभरात हे पुस्तक. चौकशी अधिकाऱ्याचा रिपोर्ट दाखल झाल्यावर पार्टीने घाईघाईने स्वतःचा जबाब लावावा, तसा वास मला या पुस्तकाला येतो. एमआय फाइव्ह आणि सिक्समध्ये नेमकं काय केलं ते तो सांगत नाही. शब्द दिलाय म्हणतो, ठीक. पण दुसरी बायको जेन, जिने त्याचे हाताने लिहिलेले मसुदे पुन्हा पुन्हा टाइप केले, तीही इथे फारशी दिसत नाही. आपण आदर्श नवरा नव्हतो एवढं एका वाक्यात उरकतो. ते किती नव्हतो हे सिस्मननेच त्याच्या मरणानंतर, २०२३ साली, वेगळं पुस्तक लिहून सांगितलं. मधली काही प्रकरणंही भरतीची आहेत. न झालेल्या सिनेमांच्या दिग्दर्शकांबरोबरची जेवणं मी भाजी निवडताना ऐकली आणि काही चुकलं असं वाटलं नाही.

थोडं वापराबद्दल. मी ज्या अ‍ॅपवरून घेतलं त्यात प्रकरणांना नावंच नाहीत, नुसते आकडे, आणि ते आकडे पुस्तकातल्या क्रमांकांशी जुळत नाहीत. एखादा किस्सा पुन्हा ऐकायचा तर शोधत बसावं लागतं. आवडलं की तिथेच खूण करून ठेवा. ऐकायचा वेग वाढवू नका, त्याच्या थांबण्यातच निम्मं काम आहे. इंग्रजी अवघड नाही, पण उच्चार जुन्या इंग्रज साहेबाचे आहेत. पहिलं प्रकरण जड गेलं तर सोडू नका, तिसऱ्या-चौथ्यापर्यंत कान बसतो. त्याची एकही कादंबरी वाचली नसेल तरी चालतं, फक्त ‘टिंकर टेलर’ आणि ‘द स्पाय हू...’ वाचलं असेल तर संदर्भ पटकन लागतात. बाँडपटांच्या अपेक्षेने घेणार असाल तर पैसे वाया जातील.

एरल मॉरिसने याच नावाचा माहितीपट २०२३ साली केला, अ‍ॅपल टीव्हीवर आहे, दीड तासाचा. तो नंतर बघा. त्यात ल कॅरे स्वतः कॅमेऱ्यासमोर बसतो, वडील, आई, फिल्बी, कबुतरं सगळं पुन्हा येतं, आणि प्रश्न विचारणाराही मुरलेला आहे. आधी ऐकलेलं असलं की कुठे शब्द तेच आहेत आणि कुठे बदललेत ते कळतं. मी वही घेऊन बसले होते. आमचे हे म्हणाले, निवृत्त झालीस ना?